बुडाचे नऊ थर

मी रंगारी आहे. चांगला नाही, पण जुना आहे. आणि आमच्या धंद्यात जुन्यालाच चांगला समजतात, म्हणून माझं निभावून गेलं. बोटींच्या यार्डात मला कुणी नावाने हाक मारत नाही. समोर ‘पेंटर’ म्हणतात, माघारी ‘दोन हात’. बोट कुठलीही असो, कितीही खराब असो, तिच्याभोवती एक चक्कर मारून मी एकच वाक्य बोलतो, “काही नाही, दोन हात मारले की झालं.” त्यावरून ते नाव पडलं. यार्डात नवीन आलेली माणसं त्याचा अर्थ मारामारीशी लावतात आणि आठ-दहा दिवस मला जपून असतात. मीही ते चालू देतो.

खरं म्हणजे मला दुकानांच्या पाट्या रंगवायच्या होत्या. तीनच रंगवल्या. तिसरी एका चष्मेवाल्याची होती. ‘चष्मे दुरुस्त करून मिळतील’ असं लिहायचं होतं, त्यातला ‘रु’ मी खाऊन टाकला. चष्मेवाल्याने रस्त्यावर उभं राहून पाटी निरखून पाहिली आणि छान झाली म्हणाला. आठवड्याने शाळेत जाणाऱ्या एका मुलीने त्याला चूक दाखवली. चूक माझी, पण हसं त्याचं झालं, त्यामुळे तो माझ्यावर जास्तच चिडला. चौथी पाटी मला कुणी दिली नाही. माझे सासरे यार्डात सुतारकाम करायचे. ते मला तिथे घेऊन गेले. बोटीच्या बुडावर अक्षरं नसतात आणि तू काय केलंस ते पाण्याखाली जातं, असं ते म्हणाले. ते मला धीर देतायत असं मला वाटलं होतं. बायको म्हणते, तो धीर तिच्यासाठी होता.

बोटीचा जेवढा भाग पाण्यात बुडतो, त्याला निराळा रंग लावतात. तो विषारी असतो. समुद्रात कुठेही मोकळी जागा दिसली की शेवाळ आणि शिंपले मुक्कामाला येतात. ते चिकटू नयेत म्हणून हे विष. वर्षभरात विष उतरतं, रंग मात्र तिथेच राहतो. म्हणून दर वर्षी बोट वर काढायची, टेकू लावून उभी करायची, जुना रंग खरवडायचा आणि मग नवा लावायचा. यातलं खरवडणं हेच काय ते काम. उताणं पडून, मान वाकडी करून, वीतवीतभर पुढे सरकत ते करावं लागतं. रंग लावणं म्हणजे त्यानंतरची मजा. मी ही मजा वर्षानुवर्षं मन लावून केली. आधीचं काम कधी सुटलं ते माझं मलाही सांगता येणार नाही. पहिल्या वर्षी मी पूर्ण खरवडायचो. पुढे अर्धं. पुढे गिऱ्हाईक जिथे उभं राहून बघतं तेवढाच पट्टा. शेवटी बोट पाण्याच्या जोराने धुतली की मी पुढच्या डब्याचं झाकण उघडायचो.

आता डॉक्टरबाईंकडे येतो. त्या दातांच्या डॉक्टर. बाजारपेठेत एका बेकरीच्या वर त्यांचा दवाखाना होता. त्यांची एक पांढरी, छोटी, शिडाची बोट होती. लग्नाच्या आधीपासूनची. रविवारी दवाखाना बंद ठेवून त्या एकट्या समुद्रात जायच्या. त्यांचे यजमान वेधशाळेत होते; वाऱ्या-पावसाचं सगळं जाणायचे आणि म्हणूनच असेल, आयुष्यात कधी बोटीत बसले नाहीत. यार्डात आम्ही त्यांना ‘वेधशाळा’च म्हणायचो. बाईंना दवाखान्यातून सवड नसायची, म्हणून बोट वर आली की माझ्यावर नजर ठेवायला त्या यजमानांना पाठवायच्या. त्यांच्या हाती एक चिठ्ठी असायची. त्यात ‘जुना रंग पूर्ण काढावा’ असं लिहिलेलं आणि ‘पूर्ण’ या शब्दाखाली दोन रेघा.

वेधशाळा चिठ्ठी माझ्या हातात द्यायचे, मग आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे की आज हवेत दमटपणा फार आहे, आज रंगाला हात लावण्यात अर्थ नाही. मग पिशवीतून बुद्धिबळाचा पट निघायचा. बोटीच्या सावलीत दोन रंगाचे डबे पालथे घालून आम्ही बसायचो. दमटपणा चार-चार, पाच-पाच दिवस टिकायचा. मग बोट पाण्यात सोडायची तारीख अंगावर यायची आणि मी दोन दिवसांत दोन हात मारून मोकळा व्हायचो. रंग कुठला, तर यार्डात जो डबा उघडा असेल तो. एक वर्ष लाल, एक वर्ष निळा, एकदा तर हिरवा. पाण्याखाली कोण बघतंय? अशी नऊ वर्षं गेली.

मग वेधशाळा गेले. हिवाळ्यात खोकला सुरू झाला आणि उन्हाळ्याच्या आत सगळं आटोपलं. मी भेटायला गेलो होतो, पण त्यांना बोलवत नव्हतं. बोट त्यानंतर दोन वर्षं यार्डाच्या मागच्या शेडमध्ये पडून राहिली. मी तिच्या बाजूने जाताना दुसरीकडे बघायचो.

बाईंनी दवाखाना बंद केला आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी त्या यार्डात हजर झाल्या. पासष्ट-सहासष्टच्या असतील. बारीक अंगाच्या, केस आखूड, बोलणं हळू. त्यांनी बोटीच्या बुडाला बोटाच्या पेराने टकटक केली, जशी दातावर करतात तशी. तिसऱ्या टकटकीला जेवणाच्या ताटाएवढा एक पापुद्रा सुटला आणि त्यांच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला. पर्समधून दात तपासायचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पापुद्र्याची कड मोजायला लागल्या. मी शेजारी उभा होतो. चेहरा मी कामसू ठेवला होता.

“पेंटर,” त्या म्हणाल्या, “इथे नऊ रंग दिसतायत.”

मी म्हणालो, एखाद्या ठिकाणी थोडा राहिला असेल.

त्यांनी बोटीला पूर्ण फेरी मारली. आणखी तीन-चार जागी टकटक केली, तिथेही ताटं, ताटल्या, वाट्या पडल्या. मग शांतपणे म्हणाल्या की उद्यापासून आपण दोघं मिळून हे सगळं काढू, बोटीच्या कातडीपर्यंत. उजवी बाजू त्यांची, डावी माझी. मी म्हटलं, बाई, तुम्हाला कशाला त्रास, मी करतो की. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं मी खरवडायचंच काम केलंय.

दुसऱ्या दिवशी मी अनुभवी माणसाच्या रुबाबात घासायचं मशीन घेऊन गेलो. खटका दाबला. लाल-निळा धुरळा उडाला. पाचव्या मिनिटाला मशीन बंद पडलं. पाहिलं तर बाईंनी वायर काढून हातात धरली होती. ही धूळ विषारी आहे, श्वासातून छातीत जाते, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. लहान मुलाला समजावतात तसं. विषाचा तो डबा तीस वर्षं मीच उघडत होतो. त्यांनी मला मास्क दिला, डोळ्यांना चष्मा दिला, डांगरीच्या बाह्या मनगटाशी टेपने बंद केल्या. खाली ताडपत्री अंथरली, म्हणजे पडलेला कचरा मातीत आणि पुढे समुद्रात जाणार नाही. पाण्याची बादली ठेवली, कारण कोरडं घासायचंच नाही. यार्डाचा मुकादम लांबून बघत होता. तो नंतर म्हणाला की त्याला आधी वाटलं, माझं ऑपरेशन होतंय.

मग स्क्रेपर. मी माझा, बोटाला लागला तर रक्त काढेल असा, अभिमानाने बाहेर काढला. पहिल्याच झटक्यात तो रंगाच्या खाली बोटीच्या गुळगुळीत कातडीत रुतला आणि एक लांब ओरखडा उठला. बाई आपल्या बाजूने वाकून आल्या. ओरखड्यावरून बोट फिरवलं. माझ्या हातातून स्क्रेपर घेतला, बारीक कानशीने त्याचे दोन्ही कोपरे गोल केले आणि परत दिला. धार मधे हवी, कोपऱ्याला नको, असं म्हणाल्या. त्यांनी बोटीच्या बुडावर खडूने हातभर चौकोन आखले होते. त्या एक चौकोन संपवून दुसऱ्यात जायच्या. मी जिथे सोपं दिसेल तिथे खरवडायचो, त्यामुळे माझी बाजू खरूज झालेल्या जनावरासारखी दिसायला लागली.

संध्याकाळी घरी गेलो तर बायकोने दारातच अडवलं. माझ्या कानात निळं, भुवयांत लाल. डांगरी बाहेर काढायला लावली, अंगणातल्या नळाखाली बसवलं आणि मगच आत घेतलं. मला मान वळवता येत नव्हती, म्हणून तिच्याकडे बघायला मी अख्खा वळायचो. मी कण्हत म्हटलं की एका दिवसात इतकं कसं दुखतंय. ती माझ्या पाठीला तेल लावत म्हणाली, “तीस वर्षांचं काम एकदम काढलंय, दुखणारच.”

चौथ्या दिवसापर्यंत बाईंची बाजू अर्धी पांढरी झाली होती. माझी अजून तीन रंगांत होती. पण माझा जीव खरवडण्यात नव्हताच. तो सुकाणूपाशी अडकला होता.

बोटीच्या मागच्या टोकाला, उजव्या बाजूला, सुकाणूच्या जरा पुढे एक जागा होती. वेधशाळा आणि मी डाव संपला की तिथे खिळ्याने रेघ ओढायचो. जुन्याच रंगावर, नाही तरी त्यावर नवा रंग बसणारच होता. रकाने दोन. एकावर ‘वे’, एकावर ‘पें’. दर वर्षी नव्याने. त्या रेघांमध्ये नवा रंग भरून बसलेला असणार आणि वरचा थर ओल्या पॉलिश पेपरने घासला की त्या एका रंगात दुसऱ्या रंगाने लिहिल्यासारख्या दिसणार, हे मला पहिल्याच दिवशी उमगलं होतं. म्हणून मी बाईंना दोनदा सांगून पाहिलं की मागचा भाग मी करतो. एकदा कारण दिलं, तिथे जागा अडचणीची आहे. एकदा म्हटलं, तिथे गांधीलमाश्यांचं पोळं असतं. बाईंनी बॅटरी घेऊन सगळीकडे पोळं शोधून पाहिलं.

पाचव्या दिवशी मुकादमाने मला दुसऱ्या एका बोटीखाली टेकू सरकवायला बोलावलं. अर्ध्या तासात परत आलो. बाई सुकाणूपाशी ओंजळभर पाणी मारून कागद गोल-गोल फिरवत होत्या. मी येऊन उभा राहिलो तरी त्यांनी वर पाहिलं नाही. निळ्या रंगात चार लाल रेघा स्वच्छ दिसत होत्या. वर ‘वे’. शेजारच्या ‘पें’खाली काहीच नव्हतं.

“हे काय आहे, पेंटर?”

मी म्हणालो, कारखान्यातल्या खुणा असतील.

“कारखान्यात ‘वे’ आणि ‘पें’ असं लिहितात?”

मी मास्क काढला. खोटं बोलायलाही तोंड मोकळं लागतं. पण बाहेर पडलं ते खरं. मग सगळं सांगितलं. पट, पालथे डबे, दमटपणा, नऊ वर्षांतलं एकही वर्ष न खरवडलेलं बूड. वेधशाळांचा यात काही दोष नाही, काम माझं होतं, त्यांनी नुसतं आभाळ बघितलं, असंही म्हणालो. बाई ताडपत्रीवर बसून ऐकत होत्या.

त्या मग म्हणाल्या, “दर वर्षी बोट जड होत होती. वळवायला वेळ लागायचा. वाऱ्यावर पहिल्यासारखी उचलायची नाही. मला वाटलं, माझेच हात म्हातारे झाले.”

शिव्या मी खूप खाल्ल्या आहेत. चष्मेवाल्याच्या तर भर रस्त्यात खाल्ल्या. पण त्या वाक्याने जे झालं ते कुठल्याच शिवीने झालं नव्हतं. या बाई दर रविवारी माझा आळस अंगावर घेऊन समुद्रात जायच्या आणि परत येताना त्याचं नाव म्हातारपण ठेवायच्या. म्हणूनच तर त्यांनी दवाखाना बंद केला नसेल ना, असंही माझ्या मनात आलं. विचारायची हिंमत झाली नाही. मी एवढंच म्हणालो की बाई, हात तुमचे काही झाले नाहीत, मी बघतोय पाच दिवस.

त्यांनी हातातला कागद बादलीत बुडवला, पिळला आणि मला विचारलं, “जिंकायचं कोण?”

मी म्हणालो, साहेबच. खरं सांगायचं तर नऊ वर्षांत मी तीन डाव जिंकलो असेन. साहेबांची चाल फार खोल असायची.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा वर सरकवला, पुन्हा पाहिलं.

“घरी तो माझ्याशी एकदाही जिंकला नाही,” त्या म्हणाल्या. “पंधरा मिनिटांत हरायचा. मला त्याच्याशी खेळायचा कंटाळा यायचा.” मग त्यांनी हिशेब पूर्ण केला. “म्हणजे तुम्ही किती वाईट खेळत असाल.”

आणि त्या हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. नऊ वर्षं मी स्वतःची समजूत घातली होती की आपण वेधशाळेतल्या एका मोठ्या डोक्याच्या माणसाकडून हरतोय. हसता हसता बाई उठल्या, बोटीच्या पलीकडे गेल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या. मी माझी बाजू खरवडत बसलो. त्या दिवशी मी पहिल्यांदा एक चौकोन पूर्ण केला.

त्या परत आल्यावर मी त्यांना म्हटलं की तेवढी जागा तशीच ठेवू, हातभर तर आहे. त्या नको म्हणाल्या. खाली सुटा रंग राहिला की वरचा धरणार नाही, आणि दातावरचं किटण कुणी आठवण म्हणून ठेवत नाही. पण ती जागा त्यांनी मला करू दिली नाही. पुढचा अख्खा दिवस त्या तिथेच बसल्या. एक थर घासून काढायच्या, खालचं वर्ष उघडं व्हायचं, ते वाचायच्या, मग ते घासायच्या. दर वर्षी ‘वे’खाली रेघांची रांग. मला त्या अधूनमधून विचारायच्या आणि मी आठवेल ते सांगायचो: या वर्षी त्यांनी गुडघ्याला पट्टा बांधला होता, या वर्षी एक डाव दोन दिवस चालला, या वर्षी त्यांनी पाऊस येणार म्हणून सांगितलं आणि आला नाही, म्हणून ते दिवसभर चिडलेले होते. बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. घरी येऊन ते एवढंच सांगायचे की पेंटरचं काम व्यवस्थित चालू आहे.

सगळ्यात खाली, माझ्या नऊ थरांच्याही खालच्या, आधीच्या रंगाऱ्याच्या थरावर, पहिल्या वर्षाचे तीन डाव होते. त्यातले दोन मी जिंकलो होतो. “हे बघा,” मी म्हणालो. बाई म्हणाल्या की तेव्हा त्याला नुकतंच शिकवलं होतं मी. आणि तेवढंही घासून टाकलं.

तीन आठवडे लागले. शेवटी बोट अंगडं काढलेल्या बाळासारखी पांढरी, ओली आणि लहान दिसत होती. माझा तो ओरखडा बाईंनी भरून घेतला, घासला. आता भिंग लावूनही सापडणार नाही. ताडपत्रीवरचा कचरा आम्ही पोत्यांत भरला आणि विषारी मालाच्या गाडीत चढवला. सात पोती. मुकादम म्हणाला, दोन हात एवढे भरतात होय. मग बोट सुकवली, अस्तर दिलं आणि रंगाचे दोन हात मारले. ते मात्र मी एकट्याने मारले, आणि छान मारले. एवढं मला येतं.

त्यानंतर यार्डात माझी पंचाईत झाली. गिऱ्हाइकं बोटीवर टकटक करून बघायला लागली. बाई आठवड्यातून दोनदा येतात, कुणाच्याही बोटीखाली बसतात आणि मला शेजारी बसवतात. मी आता खरवडतो. हळू, पण कोपरे गोल करून. मानेला पट्टा लागतो.

बोट पाण्यात सोडली त्या रविवारी बाईंनी मला आणि बायकोला बरोबर यायला सांगितलं. तीस वर्षं मी बोटींना खालून ओळखत होतो. पाण्यावर कधी गेलो नव्हतो, आणि हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं. धक्का सुटल्यावर दहाव्या मिनिटाला माझ्या पोटात ढवळायला लागलं. बाईंनी शीड ओढलं, बोट वाऱ्यावर उचलली गेली आणि सरळ सुटली. बाई सुकाणू धरून एका हाताने तिला वळवत होत्या, उगाचच, पुन्हा पुन्हा. मी काठावर ओणवा होऊन सकाळचं सगळं समुद्राला देत होतो.

मी मान न उचलता म्हणालो की आता परत फिरूया का. बायको पुढच्या टोकाला बसली होती, केस मोकळे सुटलेले. तिने बाईंना विचारलं की त्या समोरच्या दीपगृहाच्या दिव्यापर्यंत जाऊन यायला किती वेळ लागेल. बाई म्हणाल्या, आता फारसा नाही. मग दोघींनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि बोट दिव्याकडे वळली.